मूत्रपिंड, यकृत आणि रक्ततपासणीचा कागद

रक्त तपासून आलेला कागद हल्ली प्रत्येक घरी नेमाने येऊ लागला आहे. सकाळी उपाशीपोटी कोणी घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि दिवस मावळण्याच्या आत अहवाल मोबाईलवर दाखल होतो. डॉक्टरांची गाठ दोन दिवसांनी पडायची असते. परंतु तोवर तो कागद घरातील सर्वांच्या हातांतून फिरलेला असतो. ज्या आकड्यापुढे चांदणीची खूण छापली असेल त्यावर बोट ठेवून चिंता सुरू होते. आणि ज्या कागदावर एकही चांदणी नाही, तो ‘सारे ठीक आहे’ असे म्हणून कपाटात ठेवला जातो. वस्तुतः ही चिंता पुष्कळदा अनाठायी असते, आणि ती निश्चिंतीही तितकीच अनाठायी असू शकते.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. कागद इंग्रजीत असतो, इंदूर-ग्वाल्हेरचे डॉक्टर हिंदीत ‘गुर्दा’ म्हणतात आणि घरात आपण ‘मूत्रपिंड’ म्हणतो. त्यातच मुले पुण्यास किंवा बंगळुरास असली की आई-वडील वर्षातील काही महिने इकडे, काही तिकडे. साहजिकच दोन गावांच्या दोन प्रयोगशाळांचे दोन कागद हाती येतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. म्हणून या महिन्याच्या सदरात मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्यांचा अर्थ समजावून घेऊ. रोगनिदान हे डॉक्टरांचेच काम होय. परंतु त्यांना नेमका प्रश्न विचारता येणे, हे सुजाण घराचे काम आहे.

मर्यादा कोणाची?

प्रत्येक आकड्याशेजारी जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती बहुधा अशी ठरवितात: पुष्कळशा निरोगी माणसांचे रक्त तपासावयाचे आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतील तो पट्टा ‘सामान्य’ धरावयाचा. म्हणजे उरलेले ५ टक्के लोक निरोगी असूनही त्या पट्ट्याबाहेर राहतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाच्या कागदावरही निदान एक चांदणी उमटण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ असते. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ या नावाखाली पन्नास-साठ आकडे एकदम मागविणाऱ्यांनी हे गणित अवश्य लक्षात ठेवावे.

उलटपक्षी, ही मर्यादा समूहाची असते, तुमची नव्हे. तुमचा आकडा मर्यादेत राहूनही तुमच्यापुरता बिघडलेला असू शकतो. मूत्रपिंडाच्या बाबतीत हेच वारंवार घडते.

क्रिएटिनिन: एकच आकडा, दोन अर्थ

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व परत शोषून घेऊन दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकतात. हे काम कितपत चालले आहे ते पाहण्यासाठी क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंतून रोज जवळजवळ ठराविक प्रमाणात निघणारा टाकाऊ पदार्थ होय. गाळण्या मंदावल्या की तो रक्तात साठतो. तो ओळखण्याची रासायनिक रीत माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखविली, आणि तिच्यावर आधारलेली पद्धत अनेक प्रयोगशाळांत आजही वापरात आहे.

पुरुषांत सुमारे ०.७ ते १.३ आणि स्त्रियांत ०.६ ते १.१ मिलिग्रॅम ही नेहमी छापली जाणारी मर्यादा. आता असे समजा की घरातील २८ वर्षांच्या नातवाचे क्रिएटिनिन १.१ आले आणि ७२ वर्षांच्या आजीचेही १.१ आले. दोन्ही कागदांवर चांदणी नाही. परंतु नातवाचे स्नायू भरदार. त्यांतून क्रिएटिनिन पुष्कळ निघते आणि तरीही रक्तात ते १.१ इतकेच राहते, याचा अर्थ त्याच्या गाळण्या उत्तम काम करीत आहेत. आजीचे दंड-पोटऱ्या वयाने बारीक झालेल्या. तेथून क्रिएटिनिन मुळातच थोडे निघते, आणि ते थोडेसेही साठून १.१ झाले आहे. वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळणीचा वेग काढण्याचे जे सूत्र २०२१ साली सुधारण्यात आले, त्यात हे आकडे घातले तर नातवाचा वेग मिनिटाला सुमारे ९४ मिलिलिटर येतो आणि आजीचा सुमारे ५३!

हाच वेग कागदावर ‘ई.जी.एफ.आर.’ या अक्षरांनी छापलेला असतो. क्रिएटिनिनपेक्षा आधी त्याकडे पाहावे. ९० च्या वर उत्तम. ६० ते ८९ या दरम्यान मूत्रात प्रथिन जात नसेल तर सहसा काळजी नाही. ६० च्या खाली तो तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मानतात. आणि १५ च्या खाली गेला की डायलिसिस अथवा रोपणाचा विचार सुरू होतो. ‘तीन महिने’ ही अट महत्त्वाची आहे. जुलाब, ताप, उन्हाळा, आदल्या रात्रीचे भरपूर मांसाहारी जेवण किंवा व्यायामशाळेतील तरुण घेतात ती क्रिएटिनची पूड, यांपैकी कशानेही एखादा आकडा तात्पुरता बदलू शकतो. तेव्हा ५३ वाचून आजीच्या आयुष्याचा हिशेब मांडावयाचा नाही. वयोमानाने हा वेग हळूहळू कमी होतच असतो. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्याने चाचणी पुन्हा करावयाची, मूत्र तपासावयाचे आणि आजीच्या गोळ्यांची यादी नव्याने पाहावयाची, एवढे मात्र त्या आकड्याने निश्चित सांगितले आहे.

क्रिएटिनिनची दुसरी खोड अशी की ते उशिरा बोलते. गाळणीची साधारण निम्मी शक्ती जाईपर्यंत ते मर्यादेतच राहू शकते. एखाद्या बाईंचे क्रिएटिनिन ४५ व्या वर्षी ०.६ होते आणि ५० व्या वर्षी १.० झाले, असे समजा. दोन्ही आकडे ‘सामान्य’; परंतु गाळणीचा वेग सुमारे ११३ वरून ६९ वर आलेला असतो. जुना कागद शेजारी ठेवला तरच ही घसरण दिसते. याउलट विकार पुढे गेल्यावर क्रिएटिनिन ५ चे ६ झाले म्हणजे घरात हाहाकार होतो. वास्तविक साठीच्या पुरुषात तेवढ्याने वेगात अवघ्या अडीच मिलिलिटरचा फरक पडलेला असतो. ज्या पायरीवर सावध व्हावयाचे तेथे आकडा कुजबुजतो, आणि पुढे ओरडतो.

म्हणून मधुमेह अथवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्ताबरोबर मूत्रातील आल्ब्युमिनचीही तपासणी करावी. मूत्रातील आल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण ३० च्या खाली असावे. मधुमेहात मूत्रपिंडाला लागलेली झळ पुष्कळदा प्रथम येथेच उमटते, क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी. आणि त्या वेळी रक्तदाब, साखर व योग्य औषधे यांनी तिला बराच आवर घालता येतो.

युरियाचा घोटाळा

एका कागदावर ‘युरिया ३४’ आणि दुसऱ्यावर ‘बी.यू.एन. १६’ असे दिसले की घरात आनंद होतो: पुण्याचे पाणी मानवले, आकडा निम्म्यावर आला! प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकच आहेत. बी.यू.एन. म्हणजे युरियातील केवळ नायट्रोजनचे वजन, त्यास २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. परदेशी असलेल्या मुलांकडे तपासणी झाली तर तेथील एकक आणखी निराळे असते. तेथील क्रिएटिनिनचा ९७ हा आकडा पाहून हाय खाऊ नये, त्यास ८८.४ ने भागले की आपला १.१ येतो.

युरिया एकट्याने फारसे सांगत नाही. पाणी कमी प्याल्याने, प्रथिने जास्त खाल्ल्याने, पोटात रक्तस्राव झाल्यानेही तो वाढतो. मात्र तो कोठे तयार होतो हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रथिनांच्या पचनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याचे काम यकृत करते. ते कोणत्या क्रमाने होते हे हान्स क्रेब्झ व कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ साली दाखविले. यकृताने बांधून द्यावयाचे आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकावयाचे, अशी ही वाटणी आहे. म्हणूनच यकृत फार थकले तर युरिया उलट कमीही दिसतो.

गुडघ्याची गोळी

आजीच्या गोळ्यांची यादी पाहावी असे वर म्हटले, त्याचे कारण बहुधा तिच्या उशाखालच्या डबीत सापडते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे किराणा आणावा तितक्या सहज आणल्या जातात. गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैल ठेवण्याचे काम शरीरातील जी द्रव्ये करतात, त्यांनाच या गोळ्या आवर घालतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. एरवी ते मूत्रपिंडाच्या हिताचेच असते. लघवी वाढविणारी गोळी शरीरातील पाणी कमी करते. ही तिन्ही एकत्र आली, त्यात मे महिन्याची लू आणि दोन दिवसांचे जुलाब यांची भर पडली, की गाळणीतील दाब एकदम उतरतो आणि काही दिवसांतच क्रिएटिनिन दुप्पट-तिप्पट होऊ शकते. वेळीच ओळखले तर हा अपाय पुष्कळदा भरून निघतो. तेव्हा गुडघ्यांसाठी कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आणि उलट्या-जुलाबांच्या दिवसांत रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करावे तेही त्यांना आधीच विचारून ठेवावे.

पोटॅशियमविषयीही एक शब्द. मर्यादा साधारण ३.५ ते ५.०. मूत्रपिंडे दुर्बल असताना ते वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. अशा माणसास रोज शहाळे पाजणे किंवा ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ देणे ही सेवा ठरत नाही. मात्र रक्त काढताना अगर नेताना नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा खोटाच चढतो. म्हणून अनपेक्षित आकडा आला तर डॉक्टर तातडीने पुन्हा तपासण्यास सांगतात.

यकृताला तीन प्रश्न

यकृताच्या कागदावर आठ-दहा आकडे असतात. ते पाठ करण्यापेक्षा त्यांचे तीन गट करावेत.

पहिला प्रश्न: पेशींना इजा होत आहे काय? याचे उत्तर एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. देतात. नव्या कागदांवर हीच दोन अनुक्रमे ए.एस.टी. व ए.एल.टी. या नावांनी येतात. पेशी दुखावली की तिच्यातील ही द्रव्ये रक्तात झिरपतात. दोन्हींची वरची मर्यादा साधारण ४० च्या आसपास. तीव्र विषाणुजन्य काविळीत ती हजाराच्या वर जातात. यकृतात चरबी साठली असता बहुधा दुप्पट-तिपटीच्या आत असतात. एस.जी.ओ.टी. स्नायूंतही असते, म्हणून पेलवत नसलेला व्यायाम केल्यावरही ते वाढते. एस.जी.ओ.टी. जर दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असेल, तर डॉक्टर मद्याविषयी विचारतात. तेथे खरे सांगावे.

दुसरा प्रश्न: पित्त वाहते आहे काय? पित्तनलिकेत खडा किंवा अन्य अडथळा असेल तर अल्कलाइन फॉस्फटेज, जी.जी.टी. आणि ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन ही वाढतात. परंतु अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांत ते प्रौढांहून पुष्कळ जास्त असणे स्वाभाविक आहे, आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत वारेतूनही ते रक्तात येते. बारा वर्षांच्या मुलाच्या कागदावर प्रौढांची मर्यादा छापून चांदणी उमटली असेल, तर ती त्याच्या उंचीची चांदणी समजावी.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि घरात त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते: यकृत आपले काम करीत आहे काय? आल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते, ते ३.५ ग्रॅमच्या वर असावे. रक्त गोठविणारी द्रव्येही तेच करते. त्यांची परीक्षा प्रोथ्राँबिन टाइम किंवा आय.एन.आर. या चाचणीने होते. यकृत निबर होऊन आक्रसले, म्हणजे सिरोसिस झाला, तर झिरपण्यास पेशीच थोड्या उरतात; तेव्हा एस.जी.पी.टी. अगदी मर्यादेत असू शकते. ‘एस.जी.पी.टी. नॉर्मल, म्हणजे यकृत नॉर्मल’ हे समीकरण म्हणूनच धोक्याचे आहे.

कावीळ आणि माळ

बिलिरुबिन हे जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरणारे पिवळे द्रव्य. यकृताने ते विरघळण्याजोगे केले की ‘डायरेक्ट’, त्याआधीचे ‘इनडायरेक्ट’. एकूण आकडा १.२ पर्यंत असावा. काही निरोगी घराण्यांत इनडायरेक्ट बिलिरुबिन जन्मभर थोडे वर असते. यास गिल्बर्टची अवस्था म्हणतात. नवरात्रातील उपवासांनंतर किंवा तापात अशा व्यक्तीचे डोळे किंचित पिवळसर दिसतात, बाकी सारे आकडे ठीक असतात, आणि पोटभर जेवू लागल्यावर पिवळेपणा ओसरतो. तिला औषधाची गरज नसते.

दूषित पाणी व अन्न यांतून येणारी कावीळ मात्र निराळी. ती बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. काविळीच्या माळेस मिळणारे श्रेय वस्तुतः या स्वभावाचे आहे. माळ घातल्याने अपाय नाही. परंतु माळ वाढते आहे म्हणून रक्त तपासावयाचे नाही, यात अपाय आहे. एस.जी.पी.टी. दोन हजारांवरून झरझर खाली आले, पण बिलिरुबिन चढतेच आहे आणि आय.एन.आर. वाढते आहे, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. यकृत हरत असल्याचे आहे. रोगी भलतेच बडबडू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रीस कावीळ झाली तर पहिल्याच दिवशी. कारण हेपटायटिस-ई हा विषाणू शेवटच्या तिमाहीत प्राणघातक ठरू शकतो. हळद पिवळी म्हणून वर्ज्य करण्यास शास्त्राधार नाही, आणि कोठल्याही गाड्यावरील उसाचा रस पाजणे म्हणजे ज्या वाटेने रोग आला तीच वाट पुन्हा उघडणे होय.

हेपटायटिस-बी आणि सी हे विषाणू मात्र रक्तातून येतात व वर्षानुवर्षे गप्प बसतात. एस.जी.पी.टी. वारंवार थोडे वर येत असेल तर या दोन्हींची चाचणी मागावी. बी साठी लस आहे. सी बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ते उपचार विनामूल्य मिळतात.

औषधांचाही विचार हवा. क्षयाची औषधे घेणाऱ्यास मळमळ व पिवळेपणा आला तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पॅरासिटामॉल प्रमाणात निर्धोक; परंतु प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमची सीमा कधीच ओलांडू नये, आणि दुबळ्या किंवा मद्य घेणाऱ्या माणसाची सीमा याहूनही कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते, हे विसरू नये. काढे आणि भस्मेही डॉक्टरांना सांगावीत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीस हरकत घेतली. वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु ‘ते काय, घरगुतीच आहे’ म्हणून ते लपवावयाचे नाही, इतके त्यातून आपण घ्यावे.

घरची फाईल

या साऱ्याचे सार एका स्वस्त वस्तूत मावते: प्रत्येकाच्या नावाची एक फाईल. मोबाईलवरील अहवाल छापून तारखेनुसार लावावेत. पहिल्या पानावर रकाने आखून तारीख, प्रयोगशाळा, क्रिएटिनिन, ई.जी.एफ.आर., मूत्रातील आल्ब्युमिन, एस.जी.पी.टी., बिलिरुबिन आणि रक्तातील आल्ब्युमिन लिहावे. शेजारी त्या दिवसांत चालू असलेली औषधे, ताप, उपवास, प्रवास यांची टीप ठेवावी. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे. पद्धत बदलली तरी क्रिएटिनिन ०.१ ने इकडे-तिकडे होते, त्याचा अर्थ काढू नये. आई-वडील मुलांकडे निघाले की औषधांच्या डबीबरोबर ही फाईलही त्यांच्या पिशवीत घालावी. नव्या गावच्या डॉक्टरांपुढे भाषा अडली, तरी आकड्यांची ती रांग त्यांना सारे सांगेल.

पुढील कागद येईल तेव्हा चांदणी शोधण्याआधी मागचा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवावा.